फळ्यावर जन्मलेला बंध

२८ मार्च १९०२ अशी तारीख घातलेल्या एका कागदावर हातानं काढलेले काही घन आहेत. भूमितीच्या वहीत काढतात तसे, आठ कोपऱ्यांचे. काही कोपऱ्यांवर बारीक वर्तुळं, काही कोपरे मोकळे. ते काढणारा गिल्बर्ट न्यूटन लुईस तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात तो नवख्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवायचा. त्याआधी एक वर्ष त्यानं अँडोव्हरच्या फिलिप्स अकादमी या शाळेत मास्तरकीही केली होती. मूलद्रव्यांचे तेच ते गुणधर्म ठरावीक अंतरानं पुन्हा का येतात, हे वर्गाच्या गळी कसं उतरवावं, या खटपटीतून ते घन निघाले. अणूच्या बाहेरच्या भागातले इलेक्ट्रॉन त्यानं घनाच्या कोपऱ्यांवर बसवले. एकेका मूलद्रव्यागणिक एकेक कोपरा भरत जातो. आठही भरले की निष्क्रिय वायू, आणि मग पुढचा घन सुरू.

मी कराडजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत आले. आठवीला ‘अणूचे अंतरंग’, पुढे संयुजा, आयनिक बंध, सहसंयुज बंध, दहावीला कार्बनी संयुगं. खडूनं ठिपके काढायचे, फुल्या काढायच्या, दोघांच्या मधली जोडी एका लंबवर्तुळात घ्यायची, आणि ‘अष्टक पूर्ण झालं’ असं म्हणायचं. लुईसनं आपला तो कागद १९२३ च्या पुस्तकात छापला आहे. तो पाहिल्यावर मला या सगळ्या रिवाजाकडे वेगळ्या नजरेनं बघावंसं वाटलं. आपण धरून चालतो की मोठमोठ्या प्रयोगशाळांत शोध लागले, आणि मग त्यांचं पातळ केलेलं रूप शाळेच्या पुस्तकात आलं. अणू आणि बंध यांच्या बाबतीत निम्मी गोष्ट उलट दिशेनं घडली. शिकवणाऱ्या माणसाला फळ्यासमोर उभं राहून काहीतरी काढावं लागलं, आणि त्या काढण्यातून शास्त्र पुढे सरकलं. हे मला मनापासून पटलं आहे आणि त्याचे पुरावे भरपूर आहेत.

जॉन डाल्टनपासूनच बघा. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ईगल्सफिल्ड गावातला हा विणकराचा मुलगा, क्वेकर पंथातला. बाराव्या वर्षी गावातली शाळा चालवायला लागला. पुढे मँचेस्टरला आला आणि उरलेलं आयुष्य प्रामुख्यानं शिकवण्या घेऊन काढलं. ६ सप्टेंबर १८०३ रोजी त्याच्या टिपणवहीत अणूंच्या सापेक्ष वजनांची पहिली यादी सापडते, १८०८ मध्ये पुस्तक. प्रत्येक मूलद्रव्याला त्यानं एक वर्तुळ दिलं. ऑक्सिजनचं रिकामं, कार्बनचं संपूर्ण काळं, हायड्रोजनच्या मधोमध एक ठिपका, नायट्रोजनमधून एक रेघ. संयुग दाखवायचं तर वर्तुळं एकमेकांना चिकटवायची. त्याच्या ओळखीचे अभियंते पीटर इवार्ट यांनी त्याला लाकडाचे गोळेही करून दिले होते, ते तो शिकवताना वापरायचा. स्वीडनच्या बर्झेलिअसनं १८१३ च्या सुमारास वर्तुळांऐवजी अक्षरं वापरायची पद्धत काढली, तीच आज आपण वापरतो. छापखान्याला ती सोयीची होती. डाल्टनला मात्र ती शेवटपर्यंत रुचली नाही. मला डाल्टनचं म्हणणं कळतं. अक्षरं आणि आकडे मोजदाद सांगतात. कोण कोणाशेजारी बसलंय ते अक्षरांत दिसत नाही, वर्तुळांत दिसतं.

डाल्टनच्या पाण्यात हायड्रोजनचा एकच अणू होता. त्याच्या नियमानं दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल तर ते एकास एक धरायचं. या गोंधळात पन्नास वर्षं गेली. तो निस्तरला इटलीच्या स्तानिस्लाओ कानिझ्झारोनं, १८५८ मध्ये. आणि कशातून? जिनोआमध्ये तो विद्यार्थ्यांना जो अभ्यासक्रम शिकवत होता, त्याच्या रूपरेषेतून. १८६० मध्ये कार्ल्सरूहेला रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथे त्या रूपरेषेच्या प्रती वाटल्या गेल्या. ऐकणाऱ्यांत रशियातला तरुण मेंडेलीव्ह होता. त्यानं १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडली, तीही विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिताना, मूलद्रव्यांची प्रकरणं कोणत्या क्रमानं लावावीत या विचारात.

आता रेघेकडे येते. दोन अणूंच्या मधली ती आडवी रेघ, जी मुलं इतक्या सहज मारतात. तिच्यामागे एका माणसाचं आयुष्य मोडलं.

आर्चिबाल्ड स्कॉट कूपर हा स्कॉटलंडमधल्या कर्किंटिलॉकचा, कापडगिरणीवाल्या घरातला मुलगा. तत्त्वज्ञान शिकता शिकता रसायनशास्त्राकडे वळला आणि पॅरिसला वुर्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. कार्बनची संयुजा चार, आणि कार्बनचे अणू एकमेकांना जोडून साखळ्या करतात, हे दोन्ही विचार त्यानं १८५८ मध्ये लिहून काढले. शिवाय कोणता अणू कोणाला जोडलाय हे दाखवायला त्यानं अक्षरांच्या मध्ये ठिपक्यांच्या रेघा घातल्या. तो निबंध फ्रेंच अकादमीत सादर व्हायला हवा होता. वुर्ट्झ अकादमीचे सदस्य नव्हते, काम लांबणीवर पडलं. मे महिन्यात जर्मनीच्या केकुलेचा निबंध त्याच विचारांसह छापून आला. कूपरचा अकादमीसमोर आला तो १४ जूनला. कूपर वुर्ट्झ यांच्यावर संतापला, आणि त्याला प्रयोगशाळेतून बाहेर काढण्यात आलं. स्कॉटलंडला परतल्यावर काही महिन्यांतच त्याचं मन ढासळलं. त्यानंतर तीसहून अधिक वर्षं तो कर्किंटिलॉकमध्ये आईच्या देखरेखीखाली राहिला आणि १८९२ मध्ये वारला. त्यानं पुन्हा रसायनशास्त्राचं काही केलं नाही. त्याचं नाव पुन्हा उजेडात आणलं ते केकुलेच्याच शिष्यानं, रिचर्ड आन्शुट्झ यांनी. गुरूच्या चरित्राचं काम करताना त्यांनी कूपरचा माग काढला आणि त्याचं श्रेय त्याला दिलं. आन्शुट्झ यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

स्कॉटलंडमध्येच, एडिंबरा इथे, अलेक्झांडर क्रम ब्राउन नावाचा तरुण होता. त्यानं १८६१ च्या आपल्या वैद्यकीय प्रबंधात आणि मग १८६४ च्या निबंधात अणूंची अक्षरं वर्तुळांत घातली आणि वर्तुळं रेघांनी जोडली. दुहेरी बंधाला दोन रेघा. वर्तुळं काढून टाकली की ते चित्र थेट आपल्या दहावीच्या पुस्तकातलं होतं. याच क्रम ब्राउनच्या हाताखाली पुढे बंगालहून आलेला एक विद्यार्थी शिकला आणि १८८७ मध्ये डीएस्सी झाला. ते प्रफुल्लचंद्र राय. भारतातल्या आधुनिक रसायनशास्त्राच्या अध्यापनाची पायाभरणी ज्यांनी केली, त्यांचे गुरू म्हणजे बंधाची रेघ रूढ करणारे गृहस्थ, हा धागा मला फार मोलाचा वाटतो.

क्रम ब्राउनची चित्रं शाळाशाळांत पोचली ती मात्र एडवर्ड फ्रँकलंडमुळे. लँकॅस्टरमधल्या औषधाच्या दुकानात उमेदवारी करून वर आलेला हा माणूस. मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात १८५१ मध्ये रसायनशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूची जोडून घेण्याची ठरावीक ताकद असते, हे त्यानं १८५२ मध्ये मांडलं. नायट्रोजन, फॉस्फरस, अर्सेनिक हे तीन किंवा पाच जोडीदार धरतात, ही त्याची उदाहरणं. आज आपण संयुजा म्हणतो तिची ही सुरुवात. १८६६ मध्ये त्यानं विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानांच्या टिपणांचं पुस्तक काढलं, त्यात क्रम ब्राउनची आलेखी सूत्रं सर्रास वापरली आणि त्या रेघेला ‘बॉन्ड’ हे नाव चिकटवलं. त्याच पुस्तकात त्यानं बजावून सांगितलं की या शब्दातून अणूंच्या मध्ये कसला भौतिक दुवा आहे असं मला सुचवायचं नाही. तो खरा कसा आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि तसं त्यानं लिहून ठेवलं.

फ्रँकलंडचं आणखी एक काम इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही, आणि शिक्षिका म्हणून मला तेच मोठं वाटतं. इंग्लंडमध्ये तेव्हा शाळांतून विज्ञान नुकतंच शिरत होतं. शिकवणाऱ्यांपैकी कित्येकांनी स्वतः कधी परीक्षानळी हातात धरलेली नव्हती. लंडनमध्ये फ्रँकलंड शासनाच्या विज्ञान परीक्षांचा परीक्षक होता. १८७० च्या सुमारास उन्हाळ्यात शाळांचे शिक्षक लंडनला बोलावून त्यांच्याकडून प्रत्यक्ष प्रयोग करून घेण्याचे वर्ग सुरू झाले, त्यांत तो पुढे होता. रसायनशास्त्र कसं शिकवावं यावर जून १८७२ मध्ये त्यानं सहा व्याख्यानं दिली. ती १८७५ मध्ये पुस्तकरूपानं आली. उन्हाळी सुट्टीत आम्ही शिक्षक ज्या प्रशिक्षणांना जातो, त्यांचं हे फार जुनं रूप. परीक्षकच जर बंधाच्या रेघा काढत असेल, तर मास्तर काढणार, आणि मास्तर काढतो म्हणून मुलं काढणार. रेघ अशी पसरली.

दरम्यान ७ एप्रिल १८६५ या शुक्रवारी संध्याकाळी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ऑगुस्ट विल्हेल्म होफमान व्याख्यानाला उभा राहिला. समोर सुशिक्षित पण रसायनशास्त्र न शिकलेले लोक. अणूंची जोडून घेण्याची ताकद त्यांना दाखवायची होती. क्रोके या खेळाचे लाकडी चेंडू तेव्हा इंग्लंडात घरोघरी होते. त्यानं ते रंगवून घेतले, भोकं पाडली, आणि धातूच्या काड्यांनी जोडले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरिन हिरवा.

आमच्या शाळेच्या कपाटात प्लास्टिकच्या गोळ्यांचा एक संच होता. त्यात कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरिन हिरवा. संच अपुरा पडायचा, मग मुली रात्री वाटाणे भिजत घालून आणायच्या आणि आगपेटीच्या काड्यांनी मिथेन, इथेन, इथीन बनवायच्या. तरी त्यांचा आग्रह असायचा की कार्बनचा वाटाणा शाईनं काळा करायचाच. आज जगभरातल्या संगणकांच्या पडद्यावर रेणू दिसतात तेही साधारण याच रंगांत. एका संध्याकाळच्या श्रोत्यांसाठी ठरवलेले रंग दीडशे वर्षांहून अधिक टिकले.

होफमानचा मिथेन मात्र सपाट होता. चार पांढरे चेंडू एका काळ्याभोवती, एकाच पातळीत. कार्बनचे चार हात चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे वळतात, हे १८७४ मध्ये फॅन्ट हॉफ आणि ल बेल या दोन तरुणांनी वेगवेगळं मांडलं. फॅन्ट हॉफनं पुठ्ठ्याचे छोटे चतुष्फलक करून शास्त्रज्ञांना पाठवले होते.

इलेक्ट्रॉनाच्या शोधापासून बोरच्या कक्षांपर्यंतचा भाग पाठ्यपुस्तकात चांगला आलेला असतो, मी तो भरभर घेते. १८९७ मध्ये थॉमसन, १९११ मध्ये रदरफर्डचं केंद्रक, १९१३ मध्ये बोर. एवढंच सांगते की रदरफर्डनं केंद्रकाचा निष्कर्ष काढला तो मँचेस्टरमध्ये, डाल्टनच्या आणि फ्रँकलंडच्या गावात. डाल्टनची कागदपत्रं तिथेच जपून ठेवली होती. २४ डिसेंबर १९४० च्या बॉम्बवर्षावात त्यांतली बहुतेक जळाली.

इलेक्ट्रॉन सापडल्यावर रेघेचा अर्थ लागणार, असं वाटत होतं. पण लुईसचा १९०२ चा कागद चौदा वर्षं खणात पडून राहिला. हार्वर्डमध्ये ही कल्पना ऐकून घ्यायला कुणी उत्सुक नव्हतं, असं त्यानं नंतर एका पत्रात लिहिलं. शिवाय अडचणही खरी होती. त्या घनांनी सोडिअम आणि क्लोरिन यांचं जमायचं, एकानं आपला कोपरा रिकामा केला, दुसऱ्यानं भरला. पण हायड्रोजनचे दोन सारखेच अणू एकत्र का राहतात? तिथे कोण देणार आणि कोण घेणार? मूळ कागदात त्यानं हेलिअमलाही आठ इलेक्ट्रॉन दिले होते, ते पुढे त्यानंच दुरुस्त केलं. मग फिलिपिन्समध्ये मनिला इथे वजनमापं खात्यात नोकरी, बॉस्टन, आणि १९१२ पासून कॅलिफोर्नियात बर्कली.

१९१६ मध्ये उत्तर आलं. बंध म्हणजे दोन अणूंनी मिळून धरलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी. दोन घन एका कडेला जुळले की त्या कडेवरचे दोन इलेक्ट्रॉन दोघांचेही झाले, हा एकेरी बंध. एक पूर्ण बाजू जुळली की दुहेरी. तिहेरी बंध मात्र घनात बसेना. तेव्हा लुईसनं कोपरे सोडून इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं चतुष्फलकाच्या टोकांना नेले. त्याच निबंधात तो अक्षरांभोवती दोन-दोन ठिपके मांडतो. पन्नास वर्षं कशाची ते न कळता मारली गेलेली रेघ आता दोन ठिपक्यांची निघाली. गंमत बघा, लुईसला स्वतःलाही माहीत नव्हतं की दोन ऋणप्रभारी कण एकमेकांना दूर न लोटता जोडीनं का राहतात. तो पुढे गेला कारण रसायनशास्त्रातले पुरावे जोडीकडेच बोट दाखवत होते. कारण नंतर सापडलं, १९२७ मध्ये, झुरिकला हाइट्लर आणि लंडन या दोघांनी पुंजयांत्रिकीनं हायड्रोजनच्या रेणूचं गणित मांडलं तेव्हा.

त्याच १९१६ साली, लुईसशी काही संबंध नसताना, म्युनिकमध्ये वाल्टर कोसेलनं दुसरा अर्धा भाग मांडला. इलेक्ट्रॉनाची देवाणघेवाण होऊन आयन बनतात आणि विरुद्ध प्रभारांच्या ओढीनं एकत्र राहतात. आमच्या पुस्तकात आयनिक आणि सहसंयुज हे बंध लागोपाठच्या परिच्छेदांत येतात. ते जन्मले एकाच वर्षी, अटलांटिकच्या दोन बाजूंना, असं वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरचीही मान वर व्हायची.

लुईस फारसा बोलका नव्हता. १९१८ मध्ये तो सैन्याच्या कामासाठी फ्रान्सला गेला. त्याची कल्पना जगभर नेली ती जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या अर्व्हिंग लँगम्यूरनं. तो उत्तम वक्ता होता. १९१९ पासून त्यानं निबंध लिहिले, व्याख्यानं दिली, ‘कोव्हॅलन्ट’ हे नाव रूढ केलं, आठाच्या नियमाला ठसठशीत रूप दिलं. लोक लँगम्यूरचा सिद्धांत म्हणायला लागले आणि लुईस दुखावला. लँगम्यूरला १९३२ मध्ये नोबेल मिळालं, वेगळ्या कामासाठी. लुईसचं नाव वारंवार सुचवलं गेलं, पण मिळालं कधीच नाही. १९४६ मध्ये २३ मार्चला तो आपल्या प्रयोगशाळेतच वारला. लँगम्यूरनं काही चोरलं असं मी म्हणणार नाही, त्यानं लुईसचं ऋण मान्य केलं होतं. तरी ठिपके काढताना वर्गात मी नाव लुईसचंच घ्यायचे.

ओरेगॉनमध्ये १९१७ साली एक मुलगा कॉलेजात रसायनशास्त्र शिकायला लागला. त्याला तेव्हा बंध म्हणजे अणूंना असलेले आकडे आणि फासे असं सांगितलं गेलं. घरच्या पैशांच्या अडचणीमुळे अठराव्या वर्षी त्याला त्याच कॉलेजात शिकवायला उभं राहावं लागलं. त्या काळात त्यानं लुईसचे आणि लँगम्यूरचे निबंध वाचून काढले. तो लायनस पॉलिंग. १९३९ चं रासायनिक बंधाच्या स्वरूपावरचं आपलं पुस्तक त्यानं लुईसला अर्पण केलं.

मिठाबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण तिथे आमच्या धड्यात अजून एक खाच आहे. बोर्डाच्या पेपरात सोडिअम क्लोराइडची निर्मिती आकृतीसह स्पष्ट करायला सांगतात. मुलं एक सोडिअम काढतात, एक क्लोरिन काढतात, मध्ये बाण, आणि उजवीकडे कंसात दोन आयन. गुण मिळतात. पण १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाच्या स्फटिकाचा वेध घेतला, तेव्हा त्यात अशी सुटी जोडी कुठेच सापडली नाही. प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोरिन, प्रत्येक क्लोरिनभोवती सहा सोडिअम, आणि ही मांडणी स्फटिक संपेपर्यंत. क्रम ब्राउननं १८८३ मध्येच विणकामाच्या सुया आणि लोकरीचे गुंडे घेऊन मिठाची जवळपास अशीच प्रतिकृती केली होती, हे वाचून मी थक्क झाले.

ब्रॅग यांचा निष्कर्ष पचवणं सोपं नव्हतं. हेन्री आर्मस्ट्राँग हे इंग्लंडमधल्या शालेय विज्ञानशिक्षणातलं फार मोठं नाव. मुलांना सांगू नका, त्यांना शोधू द्या, असा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता, आणि त्या आग्रहाची मी ऋणी आहे. तरुणपणी ते फ्रँकलंडचे विद्यार्थी होते. १९२७ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी ‘नेचर’मध्ये मिठाची कीव करणारं पत्र लिहिलं. मिठात रेणूच नाही, बुद्धिबळाच्या पटासारखी नुसती मांडणी आहे, हे सामान्य समजुतीला धरून नाही आणि मुलांना असलं काही शिकवू नये, असा त्यांचा सूर होता. जुन्या विद्वानाचा हट्ट म्हणून ते पत्र सोडून द्यावं असं मला वाटत नाही. त्यांच्यापुढे आयुष्यभर वर्ग होता. जे वर्गात दाखवता येत नाही, ते शिकवण्याची त्यांना भीती वाटली.

मला दाखवता यायचं. रायगडच्या मिठागरातलं खडे मीठ आणायचे, काळ्या कागदावर पसरायचे आणि भिंग द्यायचे. चौकोनी कडा मुलांना स्वतःहून दिसायच्या. मग विचारायचं, सुट्या जोड्या असत्या तर आकार असाच आला असता का?

दुसरी खाच ‘सोडिअमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो’ या वाक्यात आहे. देण्याची त्याला कसलीही घाई नसते. एक मोल सोडिअमच्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल खर्च येतो. क्लोरिनला तो मिळाल्यावर परत येतात साधारण ३४९. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत जवळपास १४७ किलोज्यूल तोटा. तो भरून निघतो ते आयन एकमेकांजवळ येऊन जाळी रचतात तेव्हा. त्या रचनेतून साधारण ७८७ किलोज्यूल सुटतात. हा हिशोब मांडायची रीत बॉर्न आणि हाबर यांनी १९१९ मध्ये घालून दिली. नववीच्या मुलांना वजाबाकी येते. हे आकडे फळ्यावर लिहिले की बंध म्हणजे अष्टकाची हौस नव्हे, ऊर्जेचा हिशोब आहे, हे त्यांना कळतं. पाठ्यपुस्तकात ही चार ओळींची चौकट यावी अशी माझी इच्छा आहे.

आठाच्या नियमालाही धक्का बसला, तो शाळांत पक्का झाल्यावर. निष्क्रिय वायू कशाशीच संयोग करत नाहीत असं पुस्तकं सांगत होती. २३ मार्च १९६२ रोजी व्हँकूव्हरमध्ये नील बार्टलेटनं झेनॉनला प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइडशी भिडवलं आणि पिवळसर-नारिंगी घनपदार्थ मिळाला. लुईसला जाऊन त्या दिवशी बरोबर सोळा वर्षं झाली होती. विशेष म्हणजे झेनॉनची फ्लुओराइडं होऊ शकतील असा तर्क कोसेलनं १९१६ मध्येच केला होता.

तोवर शाळेच्या रसायनशास्त्रात मोठी उलथापालथ सुरू होती. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उडाल्यावर अमेरिकेनं विज्ञानाची पाठ्यपुस्तकं नव्यानं लिहायला घेतली. रसायनशास्त्राच्या केम स्टडी या प्रकल्पाच्या अध्यक्षपदी ग्लेन सीबॉर्ग होते, तरुणपणी लुईसच्या हाताखाली काम केलेले. १९६३ मध्ये पुस्तक आलं, त्यात पदार्थांच्या लांबलचक याद्यांच्या जागी अणूची रचना आणि बंध मध्यभागी आले. पुढे जगभरच्या अभ्यासक्रमांनी तीच दिशा धरली.

२००९ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेनं पेंटासीनच्या एका रेणूचं चित्र प्रसिद्ध केलं. पाच षटकोन ओळीनं, आणि त्यांच्या कडा रेघांसारख्या स्पष्ट. त्याची छापील प्रत मी वर्गात लावली. एका मुलीनं विचारलं, “बाई, या रेघा खऱ्या आहेत, का आपण फळ्यावर काढतो तशा कुणी काढल्यात?” मी तिला सांगितलं की सुईच्या टोकावर कार्बन मोनॉक्साइडचा एकच रेणू बसवून ती पेंटासीनवरून फिरवतात आणि टोकाला जाणवणारा जोर मोजतात. इलेक्ट्रॉनांची दाटी असेल तिथे तो वेगळा लागतो. त्या मोजमापांचं हे चित्र. आणि हेही सांगितलं की टोकावरचा रेणू थोडा कलल्यामुळे, जिथे बंध नाही तिथेही रेघ उमटू शकते, असं नंतरच्या अभ्यासांत दिसून आलंय. तिनं लगेच पुढचं विचारलं, “मग तो टोकावरचा रेणू सुईला कशानं चिकटतो?” हे पुस्तकात नव्हतं. पुढची तासिका आम्ही त्यातच घातली. कार्बन मोनॉक्साइडमधल्या कार्बनकडे एक मोकळी जोडी असते, ती तो धातूच्या अणूबरोबर वाटून घेतो. ती जोडी मी दोन ठिपक्यांनी काढली.